उंदीरमामांचे हात

माझ्या नवऱ्याला खोटं बोलणं जमायचं नाही. दूध उतू घालवलं तरी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकायच्या आत त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. जन्मभरात एकच खोटं त्यांना न चाचरता बोलता यायचं, आणि तेही नोकरीने शिकवलेलं. तेच नेमकं नको त्या जागी तोंडातून गेलं.

नोकरी एका संशोधन संस्थेत होती. संस्थेच्या मागच्या अंगाला एक बैठी इमारत, खिडक्या नसलेली. दारावरच्या पाटीवर ‘प्राणिगृह’ लिहिलेलं, आमच्या घरात तिला ‘उंदीरघर’ म्हणत. आत पिंजऱ्यांच्या रांगा, त्यांत प्रयोगाचे पांढरे उंदीर, लाकडाचा भुसा, आणि कपडे कितीही धुतले तरी न जाणारा वास. हे तिथले मुख्य. पिंजरे धुता धुता वर चढलेले मुख्य, म्हणून मुख्य झाल्यावरही पिंजरे धुवायचे. गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नाव उंदीरमामा ठेवलं. मला राग यायचा, त्यांना गंमत वाटायची. पुढे संस्थेतही ते मामाच झाले आणि मी काही न करता मामी.

त्यांच्या हाताचं मोठं नाव होतं. उंदीर शेपटीने उचलायचा नाही, मानगुटीला धरायचा नाही. उघडा तळहात पिंजऱ्यात ठेवायचा आणि तो आपणहून चढेपर्यंत थांबायचं, ही त्यांची पद्धत. हातमोजे घालायचे नाहीत. म्हणायचे, “रबराच्या वासाने जनावर बिथरतं. बिथरलेल्या जनावरावर केलेला प्रयोगही बिथरलेलाच.” हाताखालच्या सगळ्यांना त्यांनी हेच शिकवलं. आता उघडा हात समोर आला की उंदीर काय करणार? चढायच्या आधी चावून बघणार. रोज कुणी ना कुणी बघायचाच.

संध्याकाळी ते आले की मी त्यांना दिव्याखाली बसवायची आणि बोटांना मलम लावायची. पेरापेरांवर बारीक टोचे, जुन्यावर नवे. मी शिवणकाम करते, बोटात अंगुस्तान घातल्याशिवाय सुईला हात लावत नाही. म्हणायची, “मी एवढ्याशा सुईला भिते, आणि तुम्ही जित्या सुयांच्या पिंजऱ्यात हात घालता!”

“चावत नाहीत गं ते,” हे म्हणायचे, “ओळख करून घेतात.”

“मग एकदाच करून घ्यावी की. रोज रोज कसली ओळख?”

संस्थेचा नियम मात्र हातमोज्यांचाच होता. अधूनमधून तपासणी यायची. त्या दिवशी हातमोज्यांची नवी खोकी फुटायची, टोप्या चढायच्या, सगळे नवरदेवासारखे सजून ओळीत उभे राहायचे. तपासनीस विचारायचे, “हातमोजे वापरता ना?” यांनी उत्तर सगळ्यांकडून घोटून घेतलं होतं. ‘हो’ म्हणायचं नाही. ‘हो’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो. “नेहमी, साहेब,” असं म्हणायचं, आणि तेही प्रश्न संपायच्या आत. तपासनिसांची गाडी फाटकाबाहेर पडली की हातमोजे टोपलीत. इतकी वर्षं हे चाललं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

संस्थेत एक संशोधक बाई होत्या. त्यांना हे मॅडम म्हणायचे, मीही तेच म्हणते. त्यांच्या कामाला उंदीर यांच्याकडून जायचे. जेवताना हे मला समजावायचे, मी नको नको म्हणत असताना. माणसाच्या कॅन्सरच्या पेशी उंदराला टोचल्या, की त्या परक्या पेशींना पकडायला उंदराचं रक्त एक पदार्थ बनवतं. त्याला प्रतिपिंड म्हणतात. मॅडम तो वेगळा काढतात, वाढवतात आणि त्याला किरणांचं ओझं बांधतात. माणसाच्या अंगात सोडला की तो इकडेतिकडे भटकत नाही. त्या पेशी जिथे असतील तिथे जाऊन चिकटतो आणि ओझं तिथेच उतरवतो. “बाकीच्या अंगाला धक्का नाही. सगळं माझ्या उंदरांच्या जिवावर,” असं म्हणून हे भातावर वाढून घ्यायचे. मी म्हणायची, “तुमच्या उंदरांना म्हणावं आधी आम्हाला सुखाने जेवू द्या.”

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने ते घरात पिंजऱ्यातल्यासारखे फिरले. मग जरा रुळतायत असं वाटलं, तोवर मानेला गाठ आली. मग काखेत. मग पोटात असल्याचं कळलं. नेहमीची औषधं दिली. केस गेले, चव गेली, गाठी मात्र जाऊन परत आल्या.

तेव्हा मॅडम घरी आल्या. माझ्या मशीनजवळच्या खुर्चीवरचा अर्धवट झगा उचलून मांडीवर घेतला आणि तशाच बसल्या. “मामा,” त्या म्हणाल्या, “आपलं औषध आता माणसांना द्यायला लागलोय. तुमच्या गाठी त्याच प्रकारच्या आहेत.” लग्नात माझ्याकडे बघून दिसला नव्हता तेवढा आनंद यांच्या तोंडावर दिसला.

दवाखान्यातल्या त्या खोलीत आम्ही चौघं होतो. टेबलापलीकडे डॉक्टर, हळू बोलणारे, चेहऱ्याने सज्जन. अलीकडे हे आणि मी. मॅडम खिडकीशी.

“काका,” डॉक्टर म्हणाले, “हे औषध उंदरापासून आलंय. उंदीर फार चावले असतील तर शरीराला उंदराची ओळख झालेली असते. मग ते औषधालाच शत्रू समजून पकडतं. तुमच्या रक्तात तसं काही सापडलं नाही. पण तुमची नोकरीच तिथली, म्हणून विचारतो. कामावर हातमोजे वापरत—”

“नेहमी, साहेब.”

मी उडालेच. “कसले हातमोजे? डॉक्टर, रोज संध्याकाळी या बोटांना मी मलम चोळलंय!”

हे हसले. “सुरुवातीला चावले असतील एखाददुसरे. हिला काय, झुरळ दिसलं तरी वाघ दिसतो.”

मॅडमही हसल्या. “मामी, आमच्याकडे नियम कडक आहेत. मी स्वतः बघितलंय, मामा हातमोज्यांशिवाय पिंजऱ्याला हात लावत नाहीत.” त्यांनी बघितलं होतं हे खरंच. त्या उंदीरघरात यायच्या ते साहेबलोकांबरोबर, तपासणीच्या दिवशी. एरवी हे पिंजरा घेऊन त्यांच्या प्रयोगशाळेत जायचे, तेव्हा दाराबाहेर हातमोजे चढवून मगच आत.

डॉक्टरांनी समोरचा रक्ताचा अहवाल बघितला. एक अहवाल, एक शास्त्रज्ञ आणि खुद्द रोगी एकीकडे. एक शिवणकाम करणारी बायको दुसरीकडे. ते माझ्याकडे बघून मायेने हसले. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि यांचे दोन्ही हात टेबलावरच होते. पण हाताकडे कुणी बघितलंच नाही.

परतताना बसमध्ये मी तोंड सोडलं. मागच्या बाकावरची माणसं ऐकत होती, ऐकू दे म्हटलं.

“अगं, हळू,” हे म्हणाले. “माझ्या हाताखालची सगळी माणसं अजून तिथे आहेत. मी बोललो तर उद्या त्यांना जाब विचारतील. आणि मॅडमच्या देखत काय सांगू, इतकी वर्षं तुमच्या तोंडावर खोटं बोललो म्हणून? रक्त स्वच्छ निघालंय ना? मग उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?”

मी खिडकीबाहेर बघत बसले. बऱ्याच वेळाने ते माझ्या बाजूला वाकले. “खरं सांगू? विचार करायला वेळच मिळाला नाही. प्रश्न आला आणि उत्तर आपलं आपण गेलं.”

रक्त स्वच्छ निघालंय, हे मीही मग मनाशी घट्ट धरलं. दुसरं होतंच काय धरायला.

आधी थोडंसं औषध देऊन ते अंगात कुठे जातं हे बघायचं होतं. डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर चित्र दाखवलं. काळं अंग, आणि मानेत, काखेत, पोटात चमकणारे ठिपके. मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, “मावशी, चमकतंय तेच चांगलं आहे. औषध गाठीच शोधून काढतंय. जिथे जायला हवं तिथेच गेलंय.” मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. हे पडद्याजवळ गेले, जवळजवळ नाक टेकवलं, आणि म्हणाले, “माझे उंदीर रस्ता चुकायचे नाहीत.”

त्या दिवशी त्यांनी पोटभर खाल्लं. संध्याकाळी कपाटातून राखाडी पँट काढून माझ्या मशीनवर आणून टाकली. कमरेत सैल झाली होती. “आत घे,” म्हणाले, “पण फार नको. अंग परत भरेल. कापड कापू नकोस, नुसती टीप मार, उसवता येईल अशी.” मी तशीच टीप मारली. बऱ्याच दिवसांनी मशीनवर बसून मी गुणगुणत होते.

तेरड्याचा रंग तीन दिवस. खऱ्या, पूर्ण औषधाची पाळी आली तेव्हा मला खोलीबाहेर बसवलं. किरणांचं औषध, जवळ थांबायचं नाही. दाराला काचेची पट्टी होती, तिच्यातून मी बघत होते. औषध थेंब थेंब चाललं होतं, यांनी मला हात केला. मग तो हात तसाच वर थरथरायला लागला. मानेवर लाल गांधी उठल्या, ओठ सुजले, छाती धाप टाकायला लागली. नर्स धावली, नळी बंद केली, डॉक्टर आले, सुया टोचल्या. मी काचेवर हात मारत होते, तो कुणाला ऐकू आला नाही. हळूहळू श्वास खाली बसला. बरंचसं औषध तोवर आत गेलेलं होतं.

नंतरच्या चित्रात मान काळी, काख काळी, पोटातले ठिपके काळे. उजव्या बरगड्यांखाली मात्र सगळा उजेड एका जागी गोळा झालेला.

“लिव्हरमध्येही पसरला?” मी विचारलं.

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “ते औषध आहे. गाठींपर्यंत पोचलंच नाही.” मग त्यांनी जे सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. “उंदरांचा सहवास सुटून काळ लोटला, म्हणून रक्तात काही दिसत नव्हतं. पण शरीर विसरलं नव्हतं. पहिल्या थोड्या औषधाने त्याला आठवण करून दिली. मधल्या दिवसांत त्याने स्वतःची प्रतिपिंडं बनवून तयारी केली. आता औषध आलं तसं धरलं, आणि लिव्हरमध्ये नेऊन टाकलं.”

“म्हणजे यांचं शरीर कमजोर नाही पडलं?”

“उलट, मावशी. ते फार चांगलं काम करतंय. तेच वाईट झालं.”

मग त्यांनी यांचा हात उचलला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडाकडे नेला. एकेक पेर अंगठ्याने चाचपून बघितलं. पांढरे बारीक व्रण, बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते.

“मला हे माहीत असतं तर मी हे औषध दिलंच नसतं,” डॉक्टर म्हणाले. आवाज चढला नव्हता, तरी कापल्यासारखं झालं. “शरीर शांत ठेवायची औषधं आधी दिली असती. नाहीतर नव्या औषधाची वाट बघितली असती.” आणि हात पांघरुणावर ठेवताना, “मीसुद्धा बघायला हवे होते हात.”

मॅडम दारात उभ्या होत्या. “मामा, मी बघितलं होतं ना हो,” त्या म्हणाल्या. “हातमोजे.”

“तपासणी असायची, मॅडम, त्या दिवशी,” हे भिंतीलाच म्हणाले.

दैव देतं आणि कर्म नेतं, असं माझी आई म्हणायची. पण मी तेव्हापासून विचार करते, यात यांचं कर्म ते काय? जनावराला भीती वाटू नये म्हणून हात उघडा ठेवला, हे? मला रडू आलं नाही, संताप आला. यांचा, त्या ‘नेहमी’चा, ओळीत उभं करून प्रश्न विचारणाऱ्या सगळ्या जगाचा. आणि त्या रक्ताचाही, जे नको तेवढं इमानी निघालं. दारात मदतीला आलेला माणूस ओळखीच्या चोरासारखा दिसतो म्हणून त्यालाच बडवून काढला, असं झालं ते.

मॅडम नवं औषध बनवत होत्या. त्यात उंदराचा अगदी थोडा भाग ठेवायचा, गाठीला पकडणारा. बाकी सगळं माणसाचं, म्हणजे शरीराला सहसा परकं वाटणार नाही. “होतच आलंय, मामा, थोडा धीर धरा,” असं त्या दर खेपेला सांगायच्या. यांनी धीर धरला. गाठींनी धरला नाही.

शेवटी शेवटी ते घरीच होते, माझ्या मशीनशेजारी, खिडकीला लावलेल्या पलंगावर. मशीनचा आवाज बंद केला की म्हणायचे, “चालू दे, बरं वाटतं.” त्या दिवसांत एकदा सकाळी मॅडम आल्या. चहा गार करून ठेवला. मग म्हणाल्या, “मामा, एक मागायचंय. कसं मागू कळत नाही.”

“उंदीर मागताना कधी लाजला नाहीत,” हे म्हणाले.

त्यांना यांचं रक्त हवं होतं. पुढच्या रोग्यांचं रक्त आधी नीट तपासायचं, तर तपासणी खरोखर पकडते की नाही हे कळायला असं एक रक्त शेजारी लागतं, ज्यात ते उंदराविरुद्धचं सगळं नक्की आहे. “तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाचं नाही,” त्या म्हणाल्या आणि मान खाली घातली.

मला वाटलं, बाईला हाताला धरून बाहेर काढावं. यांचं अंग पांढरं पडलं होतं आणि हिला रक्त हवंय. पण हे माझ्याकडे बघत होते. माझा राग त्यांना नेहमीच आधी दिसायचा. त्यांनी हळूच मान हलवली.

“घ्या,” ते म्हणाले. “पण माझं एक काम करा. उंदीरघरातल्या सगळ्यांना उघड्या हाताने काम करायला मी शिकवलंय. त्यांना विचारा, कुणाला किती चावलंय. उद्या त्यांच्यातल्या कुणावर ही वेळ आली तर?”

“विचारते. उद्याच बोलावते सगळ्यांना.”

“बोलावू नका!” त्यांना उठून बसायचं होतं, जमलं नाही. “बोलावलंत की ओळीत उभे राहतील आणि ‘नेहमी’ म्हणतील. तुम्ही तिकडे जा. खाली बसा त्यांच्यात. कुणाला काही होणार नाही हे आधी सांगा, मग हात बघा.”

मॅडमनी स्वतःचा डावा हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी एक जुना पांढरा व्रण होता. “मलाही चावलाय एकदा,” त्या म्हणाल्या. “मीही कुणाला सांगितलं नाही.”

हे हसले. पुष्कळ दिवसांनी हसले, मग खोकले.

मॅडमनी पिशवीतून सुई, नळ्या काढल्या, हातमोजे चढवले आणि यांचं मनगट धरलं. यांचा हात झटकन मागे गेला. मुद्दाम नाही, आपोआप. आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत राहिलो.

“वास,” हे म्हणाले. “रबराचा.” आणि माझ्याकडे बघून, अगदी बारीक आवाजात, “बघ, उंदरांचं खरंच होतं.”

मी पलंगावर बसले आणि तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. बोटातलं अंगुस्तान काढून खाली टाकलं. मग सुई गेली तेव्हा हात हलला नाही. नळ्या भरत होत्या, मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“नोंदीसाठी विचारावं लागतंय, मामा,” मॅडम म्हणाल्या. “कामावर हातमोजे वापरायचात का?”

यावेळी उत्तराला वेळ लागला. ओठ हलले, थांबले. नवीन शब्द शिकणाऱ्या पोरासारखे ते चाचरले.

“क... कधीच नाही,” ते म्हणाले.

मग डोळे मिटून घेतले. दमले होते.

ते गेले त्यानंतर किती तरी महिन्यांनी नवं औषध आलं. मॅडम मुद्दाम सांगायला आल्या होत्या. त्याच खुर्चीवर बसल्या. औषध पोचतंय म्हणाल्या, दुसऱ्यांदा दिलं तरी बहुतेकांच्या गाठी चित्रात चमकतात. उंदीरघरात त्या स्वतः जाऊन खाली बसल्या, तेव्हा आधी सगळे गप्प, मग एकेकाने हात पुढे केला. आता तिथे घट्ट विणीच्या कापडाचे हातमोजे आणलेत, वास नसलेले. आणि यांचं रक्त अजून बर्फात ठेवलेलं आहे, थेंबाथेंबाने वापरतात. नव्या रोग्याचं रक्त तपासायचं तर आधी यांचं लावून बघतात. “मामा रोज उपयोगी पडतात, मामी,” त्या म्हणाल्या.

“बरं झालं,” मी म्हटलं. खरंच बरं झालं. त्यांच्यामुळे कुणाकुणाचे नवरे चालत घरी जात असतील, त्यांचं भलं होवो.

त्या गेल्यावर मी कपाटातून राखाडी पँट काढली. टीप तशीच होती, उसवता येईल अशी. जगाच्या उपयोगी पडलेल्या माणसाचं मी काय करू? मला माझा माणूस हवा होता, पलंगावर बसून चहा गार झाला म्हणून कुरकुर करणारा. मी पँट मांडीवर घेतली आणि मशीन सुरू केलं, नुसतंच, सुईखाली कापड न घालता.